अमिश लोक आधुनिक उपचार नाकारतात, मग त्यांच्यापर्यंत तज्ज्ञ डॉक्टरांची सेवा कशी पोहोचवता येईल?

प्रश्नाचा पहिला भागच चुकीचा आहे, म्हणून लिहायला बसले. अमिश म्हणजे स्वतःची मोटार, घरातली वीज अशा गोष्टी टाळून साधेपणानं राहणारा अमेरिकेतला एक ख्रिस्ती समाज. पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी चयापचयाच्या आजारांच्या विभागात आहारतज्ज्ञ होते. उपचार नाकारणारे अमिश मला तिथे फारसे भेटले नाहीत. त्यांना दारातून परत पाठवणारी व्यवस्था मात्र रोज दिसायची.

एकदा ऐन हिवाळ्यात एक जोडपं वर्षाच्या आतलं बाळ घेऊन आलं. बाळाला जीए-१, म्हणजे ग्लुटारिक अ‍ॅसिडुरिया प्रकार १ हा चयापचयाचा आनुवंशिक आजार. घोडागाडीनं एवढा पल्ला झेपत नाही, म्हणून भाड्याची व्हॅन केलेली. ड्रायव्हर बाहेरचा, पैसे मैलावर, थांबण्याचे वेगळे. बर्फामुळे पाऊण तास उशीर झाला. काउंटरवर सांगितलं, वेळ गेली, आता महिनाभरानंतरची तारीख घ्या. वर विम्याचा नंबर मागितला. ही माणसं विमा काढत नाहीत, मोठं बिल आलं तर चर्चची मंडळी मिळून भरतात. फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. वडील हुज्जत न घालता टोपी हातात धरून उभे होते.

या वयात जीए-१ असलेल्या मुलाला साधा ताप किंवा जुलाब झाले, तरी मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला कायमची इजा होऊ शकते. काल रांगणारं मूल पुन्हा बसतही नाही. कमी लायसिनचा (लायसिन हा प्रथिनांतला एक घटक) आहार आणि आजारपणात लगेच ग्लुकोजची सलाइन, एवढ्यानं त्यातलं बरंच टळतं. अशा बाळाला महिनाभर थांबा कसं म्हणायचं? मी डॉक्टरांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि त्यांनी बाळ तपासलं. आईनं रोजचा आहार बॅटरीच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून वहीत लिहून आणला होता. इतकी नेटकी नोंद मला शहरातल्या पालकांकडून क्वचितच मिळाली.

पुढच्या बैठकीत आमच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, ‘हे लोक वेळ पाळत नाहीत, आठवणीचे मेसेजही वाचत नाहीत.’ कुठे वाचणार? त्यांचा फोन शेताच्या कडेच्या खोपटात, तोही दोन-तीन घरांत मिळून एक. मी म्हटलं, पोस्टानं पत्र पाठवा, सगळ्या तपासण्या एकाच दिवशी ठेवा, वेळ दुपारची द्या. त्यांचं उत्तर: ‘एका समाजासाठी नियम बदलता येत नाहीत.’

नियम बदलून काय होतं, ते त्याच राज्यात दिसत होतं. डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८८ मध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे असं समजल्या गेलेल्या एका अमिश मुलाला जीए-१ असल्याचं शोधलं. १९८९ मध्ये त्यांनी आणि पत्नी कॅरोलिन यांनी लँकेस्टर काउंटीतल्या स्ट्रासबर्गला ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ सुरू केलं. इमारत अमिश आणि मेनोनाइट (अमिशांच्या जवळचा ख्रिस्ती पंथ) शेजाऱ्यांनी स्वतः उभारली. गोधड्या, फर्निचर यांचे लिलाव करून तेच खर्चाचा मोठा वाटा उचलतात. ओहायोत मिडलफील्डलाही अशाच धर्तीचं डीडीसी क्लिनिक आहे. तपासणीची प्रयोगशाळा क्लिनिकमध्येच, फी खिशाला झेपणारी, डॉक्टर घरच्यांना नावानिशी ओळखणारे.

तुम्ही ‘कसं’ विचारलंय, तर: रोखीचा दर आधीच लेखी सांगा. दर परवडत नाहीत म्हणून काही अमिश कुटुंबं ऑपरेशनसाठी थेट मेक्सिकोला जातात, हे अमेरिकेला शोभत नाही. बाळंतपणं बरीचशी घरीच होतात, तेव्हा असे आजार लवकर ओळखणारी टाचेच्या रक्ताची नवजात तपासणी सुईणींना सोबत घेतल्याशिवाय वेळेत होणार नाही. तज्ज्ञांनी महिन्यातून एखादा दिवस गावाजवळ यावं. नुसता व्हिडिओ कॉल देऊन मोकळं होऊ नये.

हेही खरं की सगळे अमिश सारखे नाहीत, नियम प्रत्येक मंडळीचे वेगळे. काही जण लस टाळतात, काही आधी जडीबुटी आणि मालिश करून बघतात, कुणी मोठ्या ऑपरेशनला नाही म्हणतात. शिवाय माझा अनुभव लहान मुलांपुरता आहे. मोठ्यांच्या हृदयविकाराचं किंवा कॅन्सरचं गणित वेगळं असेल.

पण ‘एका समाजासाठी’ हे कारण मला आजही मान्य नाही. त्या काउंटरवरून विमा नसलेले शेतमजूर परत जायचे, दूरच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याही जायच्या. पत्र आणि दुपारची वेळ त्यांनाही हवीच होती.