सशाची खोड की आजार?

सशांविषयीच्या पत्रांत एकच धाकधूक निरनिराळ्या शब्दांत येते : आमचा ससा असं करतो, चालेल ना? कारण ससा दुखणं दाखवत नाही. कुत्रा कण्हतो, ससा मात्र पोटात कळ असतानाही गप्प बसून राहतो. रानात जो अशक्त दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. म्हणून सशाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या गवताकडे आणि लेंड्यांकडे रोज बघा.

प्रश्न : आमचा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा बसल्या बसल्या डोकं डावीउजवीकडे डोलवतो. शेजारी म्हणतात, मेंदूचा आजार आहे. (सांगली)

बहुधा नाही. या सशांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, म्हणून आतलं रक्त दिसून डोळा लाल भासतो. अशा डोळ्यांना अंतराचा अंदाज नीट येत नाही. डोकं हलवलं की जवळची वस्तू जास्त सरकताना दिसते आणि लांबची कमी. त्यावरून तो अंतर जोखतो. उडी मारण्याआधी किंवा समोर काही हललं की डोलणं वाढतं, आणि उडी मात्र सरळ पडते. ही जन्मभराची खोड आहे, औषध नको.

आजार असेल तर चित्र वेगळं दिसतं. डोकं डोलत नाही, ते एकाच बाजूला कलतं आणि तसंच राहतं. बुबुळं आपोआप झटके देत हलतात, ससा एकाच दिशेने गोल फिरतो किंवा लोळण घेतो. यामागे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागातला जंतुसंसर्ग असतो, नाहीतर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा परजीवी. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. परजीवीवरचं औषध साधारण 28 दिवस चालतं, मधेच सोडू नका. तोवर टॉवेलच्या गुंडाळ्या करून दोन्ही बाजूंनी लावा म्हणजे तो आपटणार नाही, आणि पाणी बाटलीऐवजी उथळ वाडग्यात ठेवा.

प्रश्न : ससा अधूनमधून रुसल्यासारखा कोपऱ्यात बसतो, कोथिंबीरसुद्धा हुंगून सोडतो. दुसऱ्या दिवशी खाईल म्हणून वाट बघावी का? (पुणे)

नको. ससा रुसतो हे खरं. नखं कापली, जागा बदलली की मागचा पाय दाणकन आपटतो आणि पाठ फिरवून बसतो. पण रुसलेला ससा कोथिंबीर सोडत नाही. आवडीचा पालासुद्धा नाकारून तो पाठीला कुबड काढून बसला असेल, तर त्याचं पोट दुखतंय असंच धरून चाला. 10-12 तास काहीच खाल्लं नाही तर तो तातडीचा आजार आहे, मग रात्र असो की रविवार.

सशाचं आतडं तंतुमय चाऱ्याच्या जोरावर चालतं. चारा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू धरतो, वायूने कळ येते, आणि कळ आली की तो आणखी खात नाही. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे वरून सुटका नाही. त्यातच उपाशी राहिलं की यकृतावर चरबी चढू लागते. हे चक्र जितक्या लवकर तोडाल तितकं बरं.

आधी ट्रे तपासा. सुदृढ ससा दिवसाला 200 ते 300 लेंड्या टाकतो. त्या गोल, एकसारख्या असतात आणि बोटांत चुरल्या की आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक, काळ्या, लहानमोठ्या झाल्या की आतडं मंदावलं आहे. केसांत ओवलेल्या माळेसारख्या पडल्या तर अंगावरचे केस गळण्याचे दिवस आहेत. तेव्हा रोज विंचरा आणि गवत वाढवा. मग दातांचा आवाज ऐका. कुरवाळताना होणारी हलकी कुरकुर समाधानाची असते, डोळे अर्धे मिटून केलेली कराकर वेदनेची. कान हाताला गार लागले तर शरीराचं तापमान उतरतंय. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं, आणि आजारी सशाचं ते 38 च्या खाली गेलं की परिस्थिती गंभीर आहे.

डॉक्टर मिळेपर्यंत कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. तिथून उठून जाता येईल एवढी जागाही ठेवा. ओला पाला आणि गवत तोंडासमोर असू द्या. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर तोंडाने काहीही भरवू नका. आतड्यात अडथळा असू शकतो. पोट मऊ असेल आणि तो गिळत असेल, तर नेहमीचे पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून पातळ करा आणि सुई काढलेल्या सिरिंजने भरवा. त्याला बसवूनच भरवायचं, उताणं करून कधीच नाही. पुढच्या दातांमागे दोन्ही बाजूंना मोकळी फट असते, तिथून एका वेळी जेमतेम 1 मिली सोडा आणि गिळल्यावरच पुढचं द्या. वजनाच्या दर किलोमागे एकदाला 10 मिलीपर्यंत पुरे, दिवसातून 4-5 वेळा.

घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आणखी एक गोष्ट डॉक्टरांशी स्पष्ट बोला, कारण सगळेच दवाखाने सशांना रोज बघत नाहीत : अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे चालत नाहीत. आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, विषारी वाढतात आणि साध्या जखमेवरच्या औषधाने ससा दगावतो.

दुखणं परत परत येत असेल तर दाढा तपासून घ्या. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि गवत चावलं नाही तर दाढांना धारदार टोकं येऊन जीभ सोलते. हनुवटी ओली राहणं, घास तोंडातून पडणं ही त्याची खूण. रोज सशाच्या अंगाएवढा वाळलेल्या गवताचा ढीग संपला पाहिजे. पोळी, ब्रेड, बिस्किट बंद. गाजर अंगठ्याच्या पेराएवढं, तेही खाऊ म्हणून.

प्रश्न : ससा पहाटे स्वतःची विष्ठा खातो. जंत झाले असतील का? (रत्नागिरी)

जंत नाहीत. त्या वेगळ्या लेंड्या आहेत : मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या, काळ्या द्राक्षांच्या बारीक घोसासारख्या. त्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्याला अडवू नका.

काळजी करायची ती त्या खाल्ल्या न जाता ट्रेमध्ये किंवा बुडाला चिकटलेल्या दिसल्या तर. ससा लठ्ठ आहे, पाठ दुखतेय किंवा पेलेट आणि गोड जास्त होतंय. पेलेट वजनाच्या दर किलोमागे 25 ग्रॅमच्या आत आणा. आणि कोकणच्या पावसात बूड दिवसातून दोनदा पाहाच. ओल्या, घाणलेल्या केसांत माशी अंडी घालते, एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. अख्खी आंघोळ घालू नका. तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा.

प्रश्न : लघवी कधीकधी विटकरी लाल होते. रक्त आहे का? (नाशिक)

पाल्यातल्या आणि बिटासारख्या कंदांतल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळ्यापासून विटकरीपर्यंत कुठल्याही रंगाची होऊ शकते. कॅल्शियममुळे ती गढूळ पांढरीही दिसते. सगळं थारोळं एकसारखं लाल असेल, ससा नेहमीसारखा खात असेल आणि दोन-चार दिवसांत रंग उतरला, तर सोडून द्या. साध्या लघवीत लाल थेंब किंवा गुठळ्या सुट्या दिसल्या, कुंथून थोडी थोडी लघवी होत असेल किंवा चुन्याच्या निवळीखालच्या साक्यासारखी दाट येत असेल, तर डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. मादी 4 वर्षांपुढची आणि गर्भाशय न काढलेली असेल तर अजिबात थांबू नका. या वयात गर्भाशयाचा कर्करोग सशांमध्ये फार आढळतो. मोठ्या सशाला लसूणघास रोज घालत असाल तर बंद करा, त्यात कॅल्शियम खूप असतं.

प्रश्न : खेळता खेळता ससा एकदम कुशीवर कोसळतो. फिट येते का? (अकोला)

निवांत सशाची झोपायची पद्धतच अशी आहे. धपकन पडतो, पाय ताणतो, हाक मारली की कान हलवतो. हवेत उडी मारून अंगाला पीळ देणं हीसुद्धा आनंदाची खूण. फिटमध्ये अंग ताठ होतं, पाय झटके देतात आणि हाकेला उत्तर मिळत नाही.

पण पत्र अकोल्याचं आहे, म्हणून मे महिन्याबद्दल सांगतो. 30 अंशांवर सशाला त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही आणि उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. कान लाल, गरम, नाक ओलं, आणि तोंड उघडून धाप, असा लांब पसरलेला ससा झोपलेला नाही. ससा नाकाने श्वास घेतो. तोंड उघडलं म्हणजे जीव धोक्यात आहे. साध्या पाण्याने कान ओले करा, पंख्याखाली फरशीवर ठेवा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानेच मरतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, कोकणात उपयोग नाही. तिथे पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : नाकावर आणि नखांशी पांढरी खपली धरली आहे. ससा सारखं तोंड पुसतो, त्यामुळे असेल का? (सोलापूर)

तोंड पुसणं ही त्याची रोजची स्वच्छता आहे, त्याने खपली येत नाही. ही खरूज आहे, सूक्ष्म किड्यांमुळे होणारी. माणसाच्या हातालाही खाजरे लाल पुरळ उठू शकतात. खपल्या ओरबाडू नका. आयव्हरमेक्टिन वजनाप्रमाणे डॉक्टरच देतील, साधारण 10 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, आणि घरातल्या सगळ्या सशांना एकदम. एकाला सोडलं की फिरून सगळ्यांना होते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा मारू नका, सशाला तो विषारी आहे. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस ओले, चिकट दिसले तर मात्र तो नाकातला शेंबूड पुसतोय. ती वेगळी तक्रार आहे, आणि तिलाही डॉक्टर लागतात.

प्रश्न : उताणा धरला की ससा शांत पडून राहतो. त्याला आवडतं ना? (ठाणे)

नाही. ते भीतीने निपचित पडणं आहे. हृदय जोरात धडधडत असतं, आणि भानावर येऊन लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. नखं कापताना त्याला टॉवेलात गुंडाळा, मांडीवर पोटावर बसवा, मागच्या भागाला हाताचा आधार द्या आणि एकेक पंजा बाहेर काढा.