रीफर, फ्रीझिंग वर्क्स आणि केळ्यांची बोट

एका अनुवादकाचा प्रश्न आला आहे. १९५०च्या दशकातल्या एका इंग्रज खलाशाच्या आठवणी ते मराठीत आणत आहेत. त्यांत ‘रीफर’ हा शब्द वारंवार येतो. तिथे त्यांनी ‘बर्फवाहू जहाज’ असं केलं आहे, आणि न्यूझीलंडला हे जहाज ज्या ‘फ्रीझिंग वर्क्स’चा माल भरतं त्याला ‘बर्फाचा कारखाना’. हे चालेल का, आणि रीफरचा प्रवाळाच्या रीफशी काही संबंध आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रवाळाशी संबंध नाही. हा रीफर म्हणजे ‘रेफ्रिजरेटर’चं आखडलेलं रूप. अमेरिकेत आधी रेल्वेच्या थंड डब्यांना ते चिकटलं आणि मग जहाजांवर आलं. इंग्रजीत आणखी एक रीफर आहे, तो शिडाचा. वारा वाढला की शिडाचा पट्टा दुमडून बांधतात, तो पट्टा म्हणजे रीफ. हे काम करणाऱ्या शिकाऊ अधिकाऱ्यांना रीफर म्हणत आणि पुढे त्यांच्या जाड, दुहेरी बटणांच्या कोटालाही. तुमचा खलाशी ‘रीफर चढवला’ असं म्हणत असेल तर तो कोट आहे, एवढं सांभाळा.

‘बर्फवाहू’ मात्र काढून टाका. या बोटींत बर्फ वाहत नसत आणि थंडाव्यासाठीही बर्फ वापरत नसत. होल्डच्या, म्हणजे माल ठेवायच्या बोटीच्या पोटाच्या, भिंतींना जाड बुचाचा थर असे. यंत्रघरात अमोनियाची किंवा कार्बन डायऑक्साइडची यंत्रं चालत. त्यांनी गार केलेलं खारं पाणी नळ्यांतून फिरे, आणि होल्डमधली उष्णता ते बाहेर नेई. थंडी सगळीकडे सारखी पोचवणं हे खरं कौशल्याचं काम. ‘डनेडिन’ हे शिडाचं जहाज १८८२ साली न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून सुमारे ५,००० मेंढ्या-कोकरांची धडं घेऊन लंडनला गेलं, तेव्हा होल्डमध्ये गार हवा नीट खेळत नव्हती. कप्तान स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरून नवी भोकं पाडू लागला आणि थंडीने जवळजवळ बेशुद्ध झाला. पायाला बांधलेल्या दोरीने त्याला ओढून काढावं लागलं. पण मटण लंडनला चांगलं पोचलं, आणि त्या एका फेरीवर न्यूझीलंडच्या शेतीचं पुढचं शतक उभं राहिलं.

आता ‘फ्रीझिंग वर्क्स’. इथला घोटाळा जास्त मोठा आहे. आपल्याकडे ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना म्हणजे मासळीसाठी लाद्या पाडणारा कारखाना. न्यूझीलंडमध्ये मात्र फ्रीझिंग वर्क्स म्हणजे कत्तलखाना: मेंढ्या आत येतात आणि कापून, साफ करून, कापडात गुंडाळून, गोठवून बाहेर पडतात. ‘कत्तलखाना’ असंच लिहा, फार तर ‘गोठवण्याची सोय असलेला’ हे एकदा जोडा. पुढे खलाशी दक्षिण अमेरिकेत गेला तर हाच खड्डा स्पॅनिशमध्येही आहे. ‘फ्रिगोरिफिको’ म्हणजे स्पेनमध्ये घरातला फ्रिज. अर्जेंटिना-उरुग्वेत तो मांसाचा अवाढव्य कारखाना. उरुग्वे नदीकाठच्या फ्राय बेंतोसचा असाच एक कारखाना आज जागतिक वारसास्थळ आहे.

माझ्या मते तुमच्या अनुवादाची खरी कसोटी इथून पुढे आहे. इंग्रजीत ‘फ्रोझन’ आणि ‘चिल्ड’ हे दोन शब्द येतील, आणि दोन्हींना ‘थंड’ म्हणून भागणार नाही. न्यूझीलंडचं मटण गोठवलेलं असे, शून्याखाली नऊ-दहा अंशांवर, दगडासारखं कडक, त्यामुळे ते थप्पीने रचता येई. अर्जेंटिनाचं ‘चिल्ड’ गोमांस शून्याच्या जेमतेम खाली, न गोठवता, आकड्यांना टांगून आणत. ते फार टिकत नसे, म्हणून घाई असे. एकाला ‘गोठवलेलं’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘गारवलेलं’.

केळ्यांची गोष्ट तर निराळीच. केळं तोडल्यावरही जिवंत असतं, श्वास घेतं, उष्णता सोडतं. त्याला साधारण १३ अंश लागतात. त्याहून फार खाली गेलं तर साल काळपट पडते आणि फळ धड पिकत नाही. मटण आधीच गोठून बोटीवर येई, ते तसंच राखायचं एवढंच काम. केळी मळ्यातून उन्हाची गरम येत, बोटीलाच ती निववावी लागत, शिवाय ताजी हवा आत घेत राहावं लागे, कारण एक घड पिकू लागला की शेजारच्यांनाही पिकवतो. त्या काळी खोक्यांची पद्धत रुळलेली नव्हती. ग्रो मिशेल जातीचे अख्खे घड माणसं खांद्यावरून आणून देत. इक्वेडोर याच दशकात केळ्यांच्या निर्यातीत जगात पहिला झाला. ग्वायाकिलला बोटी गुआयास नदीत नांगर टाकत आणि घड पडावांतून येत. ‘लायटर’साठी, म्हणजे बोट आणि किनारा यांच्यात माल ने-आण करणाऱ्या होडीसाठी, कोकणातला ‘पडाव’ हा शब्द असताना दुसरा शोधू नका. युनायटेड फ्रूट कंपनीच्या बोटी पांढऱ्याशुभ्र असत, तेही ऊन परतवण्यासाठी.

बंदरांच्या वर्णनातही आपले शब्द भरपूर आहेत: धक्का, गोदी, यारी. मटणाची बोट ऑकलंड, नेपियर, वेलिंग्टन, लिटल्टन, ब्लफ अशी बंदरं घेत आठवडेच्या आठवडे माल भरत राही, आणि मग लंडनच्या रॉयल गोद्यांत रिकामी होई. तिथून मांस स्मिथफील्डच्या बाजारात जाई. ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग जुलै १९५४ मध्ये उठलं, तोवर या बोटींची वाट घरोघरी पाहिली जात होती. १९५१ साली न्यूझीलंडच्या गोद्यांतला संघर्ष १५१ दिवस चालला. खलाशी त्या वर्षीचा असेल तर नुसतं ‘संप’ लिहू नका, कारण मालकांनी कामगारांना बाहेर काढल्याने ती टाळेबंदीही होती.

तर रीफरला काय म्हणावं? ‘प्रशीतन’ हा परिभाषेतला शब्द चोख आहे, पण खलाशाच्या तोंडी ‘प्रशीतित मालवाहू जहाज’ शोभणार नाही. तो बोलतो तिथे ‘मटणाची बोट’, ‘केळ्यांची बोट’ असं येऊ द्या. आपल्या जुन्या पिढीनेही विलायतेच्या आगबोटीला बोटच म्हटलं. जिथे प्रकार सांगायचा आहे तिथे ‘रीफर’ ठेवा. नाशिकचा द्राक्षबागायतदार हा शब्द रोज वापरतो, पण त्याचा रीफर म्हणजे न्हावा शेवाला जाणारा थंड कंटेनर. कंटेनरने या बोटींचा बराच माल पळवला आणि सोबत नावही नेलं. म्हणून १९५५च्या आठवणीत पहिल्यांदा ‘रीफर बोट’ असा जोडशब्द लिहा, पुढे नुसता ‘रीफर’ पुरेल.