धावपटूला ‘गतिमंद’ म्हणावे का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंबद्दल लिहिताना ‘मतिमंद’, ‘गतिमंद’ आणि ‘विशेष’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न आहे.

‘मतिमंद’ आता वापरू नये. तो शिवीसारखा वापरला जातो आणि अख्ख्या माणसाची ओळख होऊन बसतो. ‘गतिमंद’ त्यामानाने सौम्य म्हणून शाळांमध्ये रुळला, पण धावपटूला लावला की वाक्यच खोटे ठरते. भारताच्या दीप्ती जीवनजीने 2024 मध्ये कोबेच्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत 400 मीटर अंतर 55.07 सेकंदांत कापले. टी-20 या बौद्धिक अक्षमतेच्या गटातला तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्याच वर्षी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने कांस्यपदकही जिंकले.

‘विशेष खेळाडू’ हा शब्द बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या स्पेशल ऑलिंपिक्स या स्पर्धांच्या नावाशी जुळतो. त्या स्पर्धा 1968 मध्ये शिकागोत सुरू झाल्या. पॅरालिंपिक निराळे. तिथे शारीरिक आणि दृष्टीच्या अक्षमतेचे गट जास्त आहेत, बौद्धिक अक्षमतेचे मोजके. 2000 साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या बहुतेकांना अशी अक्षमता नव्हतीच, हे उघड झाल्यावर हे गट बंद केले गेले आणि 2012 मध्ये लंडनला परतले. लबाडी केली दुसऱ्यांनी, स्पर्धेबाहेर राहिले खरे खेळाडू. दीप्ती पॅरालिंपिकमध्ये धावली, म्हणून तिला ‘विशेष ऑलिंपिकपटू’ लिहिणे चूक. साधे ‘धावपटू’ लिहावे आणि गट सांगायची गरज असेल तिथे ‘बौद्धिक अक्षमता असलेली’ असे जोडावे.

मला मात्र नामापेक्षा क्रियापदाची जास्त काळजी वाटते. ‘मुलांना धावण्याची संधी देण्यात आली’, ‘त्यांच्याकडून खेळ करून घेतले’, ‘सर्वांना खेळवले’ अशी वाक्ये बातम्यांत सर्रास दिसतात. मराठीतले प्रयोजक रूप इथे फार अन्याय करते : ‘खेळवले’ म्हटले की कर्ता होतो संयोजक आणि खेळाडू होतो कर्म. वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या माणसाचे कष्ट त्या एका प्रत्ययात दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. शिवाय तिशीतल्या माणसांनाही ‘ही मुलं’ म्हटले जाते. इतर खेळाडूंबद्दल लिहितो तसेच लिहावे : ती धावली, तिने मागे टाकले, तो हरला. हरलाही लिहावे, कारण ‘भाग घेतला हेच खूप’ असे आपण दुसऱ्या कुठल्याच खेळाडूबद्दल लिहीत नाही.