म्युनिकला तबला घेऊन यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला म्युनिकमध्ये नोकरी मिळाली आहे, मुलगा दुसरीत आहे, तुम्ही नाशिकला शाळेत संगीत शिकवता आणि बाहेर तबल्याची साथ करता. तिकडे तबल्यावर पोट भरेल का?

व्हिसा आणि ब्लू कार्डाची माहिती दूतावासाच्या पानावर आहे, ती उगाळत नाही. तिथे पटकन न सापडणारी एक गोष्ट सांगतो. पत्नीमुळे मिळणाऱ्या कौटुंबिक परवान्यावर तुम्हाला नोकरीही करता येते आणि स्वतंत्र व्यवसायही. कलाकाराच्या वेगळ्या परवान्यामागे धावू नका. 'बायकोच्या नोकरीवर आलाय' हे मात्र इथल्या मराठी पंगतीत कधीतरी ऐकू येणारच. पहिलं बिल फाडलं की लोक गप्प होतात. आपल्या मनाला वेळ लागतो.

विम्याचं आधी ठरवा. पत्नीने सरकारी आरोग्य विमाच घ्यावा. पगार मोठा असला की खासगी विमा स्वस्त दिसतो, पण त्यात नवरा आणि मूल फुकट येत नाहीत, माणशी वेगळा हप्ता पडतो. सरकारी विम्यात तुम्ही पत्नीच्या नावावर राहू शकता, पण उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेपर्यंत आणि तबला हा मुख्य व्यवसाय होत नाही तोवरच. तो झाला की केएसकेकडे वळायचं. हा कलाकारांचा सामाजिक विमा निधी 1983 पासून चालू आहे, कार्यालय विल्हेल्म्सहाफेनला. हप्त्याचा अर्धा भाग आपण भरतो, 20 टक्के केंद्र सरकार आणि 30 टक्के कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था. पेन्शन, आरोग्य आणि शुश्रूषा धरून आपल्या वाट्याला नफ्याचा साधारण पाचवा हिस्सा येतो. वर्षाला किमान 3,900 युरो नफा लागतो, पण पहिली तीन वर्षं नवोदित म्हणून ही अट नसते. संगीत शिकवणंही यात धरतात. निकाल यायला महिने लागतात, विमा मात्र तुमची नोंद त्यांच्याकडे पोचल्या दिवसापासून धरला जातो. म्हणून सगळी कागदपत्रं जमेपर्यंत थांबू नका, आधी नोंद करा.

खरी अडचण पुराव्यांची. साथीदाराचं नाव आपल्याकडे पत्रिकेत बारीक अक्षरात असतं, पुष्कळदा नसतंच, आणि मानधन पाकिटात. केएसकेला बिलं, करारपत्रं, छापील कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं हवी असतात. निघायला वर्ष असेल तर आजपासून मानधन बँकेतून घ्या. आयोजक टीडीएस कापत असेल तर कापू द्या, त्याचं प्रमाणपत्र हा इथे उत्तम पुरावा ठरतो. ज्यांच्याबरोबर नेहमी वाजवता त्या गायकांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारदचं प्रमाणपत्र आणा आणि त्याचा शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन अनुवाद करून घ्या. नुसता इंग्रजी अनुवाद बऱ्याच टेबलांवरून परत येतो. कोणी परत केला ते सांगत नाही, चीड मात्र अजून आहे.

आता पोटाचा हिशोब. बव्हेरियात शाळांना वर्षाला 14 आठवडे सुट्ट्या असतात आणि शिकवण्या त्याच तालावर चालतात, म्हणजे हाती 38 आठवडे. तासाला 30 युरो आणि 12 विद्यार्थी धरा: वर्षाचे 13,680, महिन्याचे 1,140. तासागणिक पैसे घेतलेत तर ऑगस्टमध्ये हात रिकामे राहतील. वर्षाची रक्कम 12 ने भागून दर महिन्याला सारखीच फी घ्यायची, सुट्ट्या त्यातच धरलेल्या, आणि तसं लेखी ठेवायचं. इथे याला कोणी हरकत घेत नाही. हरकत आपलीच माणसं घेतात: 'मागच्या आठवड्यात आम्ही नव्हतो, मग त्याचे पैसे?' करखात्याकडे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद करा. मागच्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोंच्या आत असेल तर बिलावर व्हॅट लावावा लागत नाही, फक्त तसं बिलावर छापायचं. सार्वजनिक संगीतशाळेत तासांवर काम मिळेल ही आशा कमी ठेवा. हेरेनबर्गच्या एका पियानो शिक्षिकेच्या खटल्यात 2022 मध्ये अशी शिक्षिका कर्मचारीच, असा निकाल लागला. तेव्हापासून शाळा तासांवर माणूस घ्यायला बिचकतात.

वाद्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'दोन जोड आणतो', पण इथेच बहुतेकांचं बिनसतं. हिवाळ्यात घर तापवलं की आतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, आखडते, काळी एकचा तबला अर्धा-एक स्वर वर चढतो आणि गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) कितीही वर ठोका, उतरत नाही. शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, तडकते, मग तिचे कण सुटतात, आणि शेवटी गजऱ्यालगत, म्हणजे कडेच्या वेणीलगत, पुडी फाटते. हायग्रोमीटर घ्या, खोलीत 45 ते 55 टक्के ठेवा, रेडिएटरच्या भिंतीला तबला टेकवू नका. तबल्याच्या पेटीत 49 टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवा, लाकडी व्हायोलिनसाठी मिळतात तीच. बाहेर उणे पाच असताना कार्यक्रमाला गेलात तर पेटी बंदच ठेवून अर्धा तास सभागृहात राहू द्या, मग हातोडी लावा.

इथे कोपऱ्यावर पुडी चढवणारा नाही. निघण्यापूर्वी नाशिकच्या कारागिराकडे बसून वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) ओढायला शिका, निदान दोन पुड्या स्वतः चढवा. प्रत्येक खोडाच्या, म्हणजे तबल्याच्या लाकडी अंगाच्या, तोंडाचा बाहेरून व्यास मिलिमीटरमध्ये मोजून खोडाच्या तळाशी लिहून ठेवा आणि त्या मापाच्या तीन-तीन पुड्या आणा. साडेपाच इंची एक आणि बायकांच्या आवाजाबरोबर वाजवायला मोठ्या तोंडाचा एक, एवढं पुरे. शिसवी खोडाची काळजी नको: तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून सायटीसच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सूट आहे. घरातला जुना तंबोरा आणणार असाल तर त्यावर हस्तिदंत नाही ना, ते आधी जाणकाराला दाखवा. आणि स्थलांतराचं सामान म्हणून करमुक्त आणलेली वस्तू सहा महिने वापरातली लागते, पुढे 12 महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही. विद्यार्थ्यांना विकायला चार जोड त्यात घुसवू नका. ते वेगळे मागवा, कर भरा, किमतीत धरा.

रियाजाचंही लिहितो. इथल्या, म्हणजे जर्मनीच्या, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आउग्सबुर्गच्या एका ट्रंपेटवादकाच्या खटल्यात ढोबळ माप दिलं: कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी आणि सुट्टीला एक-दोन, दुपारची व रात्रीची शांतता सोडून. म्हणजे पहाटेचा रियाज संपला. डाव्या हाताचा घुमारा जमिनीतून खाली जातो, म्हणून चुंबळीखाली वॉशिंग मशीनसाठी मिळणारी जाड रबरी चटई आणि वर सतरंजी. शेजाऱ्यांना वेळा आधीच लिहून द्या.

मुलाची शाळा. चौथीत, म्हणजे दहाव्या वर्षी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या सरासरीवर पुढची वाट ठरते: 2.33 किंवा त्याहून चांगली तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रिआलशूल (मधल्या पातळीची शाळा). इथे 1 सर्वोत्तम. तिन्ही विषय मुळात भाषेचेच, आणि तुमच्या मुलाकडे दीड-दोन वर्षं. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना, उणीव भाषेचीच असेल तर, 3.33 पर्यंत सवलत देता येते. ती आपण होऊन कोणी सांगेलच असं नाही. तिसरीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला लेखी विचारा. दहा वर्षांच्या पोराची अशी विभागणी मला आजही पटत नाही, आणि याबाबतीत मला समजूतदार व्हायचंही नाही.

एकटेपणा नोव्हेंबरात येतो, मार्चमध्ये जातो. त्यावर पुस्तकं लिहायची गरज नाही.

पण साथ. तबलजीला इथे श्रोते मिळतात, विद्यार्थी मिळतात, नसतो तो तुमच्यापेक्षा वरचढ गवई. विलंबित एकतालात बारा मात्रा भरून धरायच्या, समोरचा अतीत-अनागत टाकतोय, म्हणजे समेच्या मागेपुढे येतोय, ते ओळखायचं, हे लेहऱ्याच्या (तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या सुरावटीच्या) ॲपबरोबर होत नाही. ॲप कधी चुकत नाही, दाद देत नाही, लय किंचितही ओढत नाही. हात तयार राहतो, कान मंदावतो. उपाय महागडा आहे: दर डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे महाराष्ट्रात राहून मिळेल त्याच्याबरोबर बसायचं, भाडं व्यवसायाच्या खर्चात धरता येईल का ते करसल्लागाराला विचारायचं. समाधानाच्या जागाही आहेत. इथला विद्यार्थी 'धिं धिं धागे तिरकिट' वर्षभर त्याच लयीत वाजवतो, कायदा (पुढे विस्तार करायची बांधीव रचना) कधी देणार म्हणून विचारत नाही. कार्यक्रमात कोणी उठून चहाला जात नाही आणि मानधन ठरलेल्या तारखेला खात्यात येतं. इथल्या मराठी मंडळाचा गणपती मात्र फुकटच धरा, आणि वर्षातून एकदाच.

नोकरीचा राजीनामा द्यावा का, असं शेवटी विचारलंत. शाळा बिनपगारी रजा देत असेल तर ती घ्या, राजीनामा आत्ता नको. पहिल्या वर्षी 12 विद्यार्थी होत नाहीत, पाच-सहा होतात.