एसटीच्या निवाऱ्यासाठी नऊ टाइल्स

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो चार दिवस झाले पाहतोय. मोबाइलवर उत्तर लिहायला बसलो तर अंगठाच दुखायला लागला, म्हणून वहीचं पान फाडलं. मॉडेल आणि त्याच्या भिंतीसाठी हातानं रंगवलेल्या टाइल्स, दोन्ही एकाच असाइनमेंटमध्ये मागितलंय म्हणतेस. विषय म्हणून आपल्या फाट्यावरचा एसटीचा निवारा घेतलास ते बरं केलंस. वर्गातल्या निम्म्या पोरांनी कॅफे घेतला असेल.

मॉडेलचे सगळे फोटो तू वरून काढलेस. घारीला तो निवारा तसा दिसेल. बाजाराची पिशवी घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या बाईला तो कसा दिसतो, ते एकाही फोटोत नाही. 1:20 च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या भागात, पाच फुटी बाई साधारण साडेसात सेंटिमीटरची होते. पुठ्ठ्याची तेवढी एक बाई काप, निवाऱ्यासमोर उभी कर आणि मोबाइल तिच्या डोळ्याच्या उंचीला आणून फोटो काढ. मग तिला बाकावर बसव. तुझा बाक फोटोत चार सेंटिमीटर उंच वाटतो, म्हणजे खरा बाक ऐंशी सेंटिमीटरचा झाला. स्वयंपाकाचा ओटा असतो तेवढा! आपल्या गावची म्हातारी तो पाहून म्हणेल, "येच्यावर चढाचं कसं वो माय?" बाक पंचेचाळीस सेंटिमीटरचा कर, मॉडेलमध्ये सव्वादोन.

आता टाइल्स. सहा इंची टाइल 1:20 मध्ये फक्त साडेसात मिलिमीटरची होते. तू त्या चिमुकल्या चौकोनांत बारीक ब्रशनं पाकळ्या काढत बसलीस, हे फोटोवरून कळतं. डोळे फोडून घेऊ नको. पण तो वेळ वाया गेला असंही नाही. मॉडेल डोळ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर धरलंस की खरा निवारा आठ मीटरवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून, पाहिल्यासारखं होतं. त्या अंतरावर तुझ्या पाकळ्या दिसतात का? दिसत नसतील तर त्या फाट्यावरही दिसणार नाहीत, दिसेल तो फक्त रंगाचा डाग. म्हणून मॉडेलमध्ये नुसते रंगाचे चौकोन लाव आणि ते कुठे गडद, कुठे फिके हे आधी ठरव. नक्षी खऱ्या मापाच्या टाइलवर कर, तीही जवळ बसलेल्या माणसासाठी.

नक्षीबद्दल एक बोलतो, रागावू नको. विदर्भ म्हटलं की कापसाचं बोंड, संत्रं आणि वाघ. तू बोंड घेतलंस, पण टाइलच्या मधोमध ठेवलंस, त्यामुळे नऊ टाइल्स लावल्या की नऊ शिक्के मारल्यासारखं दिसतं. बोंडाचा पाव भाग टाइलच्या एका कोपऱ्यात ने. चार टाइल्स जुळल्या की मध्ये पूर्ण बोंड उमलेल, आणि फिरवून लावल्या तर भलतंच काही होईल. एकच टाइल चार दिशांनी लावता येते, म्हणून चार टाइल्सच्या चौकोनात 256 मांडण्या निघतात. आधी कागदाचे झेरॉक्स काढून जमिनीवर मांडून बघ. आजीला बोलाव. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला कुठली रेघ कुठे जुळत नाही ते लगेच दिसतं.

रंगाच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर पडलोय. तेव्हा नवा नवा मास्तर होतो. एका पाणपोईच्या भिंतीला पांढऱ्या चकचकीत टाइल्स होत्या, त्यांवर मी साध्या ऑइल पेंटनं वेल काढली. उन्हाळ्यात लोकांनी कौतुक केलं. पोळ्यापर्यंत वेल कांद्याच्या सालीसारखी सुटून आली आणि पोरं नखानं पानं सोलायला लागली. टाइलची झिलई म्हणजे काचच. रंगाला धरायला तिच्यात काही नसतं, आणि कडेनं पाणी शिरलं की सगळा पापुद्रा उचलतो. तुला जर्नलपुरतंच करायचं असेल तर सिरॅमिकचा, ओव्हनमध्ये पक्का होणारा रंग आण. आधी टाइल स्पिरिटनं पुस आणि मग वर बोट लावू नको, बोटाच्या तेलावर रंग धरत नाही. दिवसभर वाळू दे. अशा बऱ्याच रंगांना 150 अंश लागतात, तरी बाटलीवरचं वाच. टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तापव, आणि बंद केल्यावर आतच निवू दे. घाईनं बाहेर काढलीस तर तडकेल.

फाट्यावर टिकणारं काम भट्टीतलंच. चंद्रपूरजवळच्या भद्रावतीला मातीकाम करणारे लोक आहेत, एक दिवस तिथे जाऊन बस. झिलईवर काढलेला रंग साधारण 800 अंशांच्या आसपास भाजला की काचेत उतरतो. झिलईखाली लावायचा कोबाल्टचा रंग लावताना काळपट, मळकट दिसतो आणि भट्टीतून निळा होऊन निघतो. म्हणून नमुन्याच्या तुकड्यावर प्रत्येक रंगाची पट्टी ओढ आणि मागे नंबर टाक.

आणि खर्रा, तोच तंबाखू-सुपारीचा. हसू नको, हा डिझाइनचाच प्रश्न आहे. लोक कोपऱ्यात थुंकतात म्हणून मग देवांच्या टाइल्स लावतात, त्याही बिचाऱ्या सहन करतात. झिलईवरचा डाग पाण्यानं निघतो, सांध्यातल्या सिमेंटवरचा निघत नाही. खालच्या दोन ओळी विटकरी घे, सांधे बारीक ठेव, त्यांत भरायचं सिमेंटही गडद घे. बोंडं वर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला.

उन्हाचं तू काहीच लिहिलं नाहीस. निवाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. डिसेंबरात भर दुपारी आपल्याकडे सूर्य 45 अंशांवर असतो, तो पाहून मे महिना कळणार नाही. मेच्या शेवटी तो दुपारी डोक्यावर येतो, पण छळतो तो चारला, पश्चिमेकडून, साधारण 35 अंशांवरून. खोलीत अंधार कर, कोनमापक घे आणि मोबाइलचा टॉर्च तेवढ्या कोनात लांबून धर. उजेड सरळ तुझ्या बाकावर पडेल. छप्पर थोडंफार पुढे काढून त्याला अडवता येणार नाही. पश्चिमेला जाळीची आडभिंत दे. मॉडेलमध्ये ती पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांची कर, छान दिसेल. छपराला कवेलू, म्हणजे कौलं, हवे असतील तर खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोल, आत पन्हाळ्या तयारच आहेत.

कापाकापीचं थोडक्यात सांगतो. पट्टी स्टीलची घे, पातं नवं घे, एका दमात कापू नको, हलक्या हातानं चार-पाच वेळा ओढ. कोपऱ्यात भिंतीची जाडी वजा करायला विसरलीस म्हणून छप्पर बसत नाहीये. थर्मोकोलला फेविक्विक लावू नको, विरघळतं.

संक्रांतीला येशील तेव्हा उरलेली एक टाइल घेऊन ये, ओव्हनची आण किंवा भट्टीची, मागे तारीख लिहिलेली. फाट्यावरच्या ओट्याला सिमेंटनं बसवू, पानठेल्यावाल्याला लक्ष ठेवायला सांगू आणि मृगाच्या पावसापर्यंत तिचं काय होतं ते बघू.

तुझा,
ड्रॉइंगचा सर