टीबी शोधायला एआयवाली एक्स-रे यंत्रं घेण्यात सरकारचा पैसा वाया जातो का?

तुम्ही विचारलंय की सरकारी दवाखान्यात डॉक्टरच पुरेसे नसताना हातात धरायची एक्स-रे यंत्रं आणि एआयवर पैसा का घालायचा. मी तालुक्याला टीबीचंच काम करतो. माझ्या मते घालायलाच हवा.

2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि एक्स-रे काढला नसता, नुसतं खोकला-ताप विचारून सोडलं असतं, तर जवळपास 43 टक्के रुग्ण सुटले असते. ही माणसं कामावर जातात, घरच्यांना लागण देत राहतात. दवाखान्यात आणखी एक डॉक्टर बसवला तरी ती त्याच्यासमोर येणार नाहीत.

ऊसतोड टोळीचं उदाहरण घ्या. माणसं फडावरून संध्याकाळी कोपीवर परततात, तेव्हाच तपासणी करता येते. तिथे वीज नसते; यंत्र बॅटरीवर चालतं. छाती पाटीला टेकवायची, श्वास रोखायचा, झालं. संशयाच्या जागेवर संगणक रंग चढवून दाखवतो आणि एक आकडा देतो. आकडा जास्त आला की लगेच बेडक्याचा नमुना घ्यायचा, कारण एआय टीबीची शंका सांगतं, निदान बेडक्यातूनच होतं. त्यासाठी ट्रूनॅट हे बेडका तपासायचं यंत्र आहे, आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीचं. तेही बॅटरीवर चालतं आणि तासाभरात निकाल देतं. रिपोर्टला आठवडा लागला तर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते, मग शोधत बसा.

माझी तक्रार वेगळी आहे. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, त्यामुळे त्याला पैसा मिळतो. ट्रूनॅटला दर तपासणीला लागणाऱ्या चिप, एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, दुरुस्ती हे दरवर्षी लागतं आणि तिथेच हात आखडतो. 2024 च्या सुरुवातीला तर कित्येक राज्यांत टीबीच्या औषधांचाच तुटवडा पडला होता. रुग्ण शोधायचा आणि गोळ्या नाहीत म्हणायचं, याला काय अर्थ?

खरा प्रतिबंध रुग्णाच्या घरात होतो. घरातल्यांना आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या. आता आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे घेण्याचा कोर्सही आहे. धडधाकट माणूस गोळी घ्यायला तयार होत नाही, त्याला आशाताईच समजावतात. आणि पोटात अन्न हवं. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना शिधा देऊन पाहिला, 2023 मध्ये निष्कर्ष आले: घरातल्या नव्या टीबीचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी. यंत्राच्या बजेटशेजारी शिध्याचं बजेटही असलंच पाहिजे.

तुमच्या जिल्ह्याचा हिशोब माहिती अधिकारात मागा: यंत्र महिन्यात किती दिवस गावांत फिरलं, चिपांचा साठा किती, संशयितांपैकी कितींचा बेडका तपासला, आणि घरातल्या कितीजणांनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला.