बर्फ वितळताना तापमान 0 वर का थांबलं नाही?

दहावीच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या मुलीने ठाण्यात घरीच बर्फ तापवला, तर थर्मामीटर 0 वर न थांबता पहिल्यापासून 3-4 अंश दाखवत राहिला आणि पाणी उकळताना 98 च्या वर गेला नाही.

3-4 या आकड्यातच कारण दडलंय. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंशांना. फ्रिजमधले मोठे खडे वर तरंगतात, जरा कोमट झालेलं पाणी तळाशी जाऊन बसतं आणि थर्मामीटरचा फुगा नेमका तिथेच असतो.

100 ग्रॅम बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक ठेचा. फ्रीझरमधला बर्फ 0 च्या बराच खाली असतो, म्हणून तो ओलसर दिसू लागला की मगच मोजायला घ्या. फुगा चुऱ्याच्या मधोमध, तळाला न टेकता टांगा. आच अगदी मंद ठेवा आणि काचेच्या कांडीने सतत ढवळा, थर्मामीटरने मात्र नाही. ढवळणं हाच या प्रयोगाचा जीव आहे.

बर्फाचा अप्रकट उष्मा (तापमान न वाढता नुसतं वितळायला लागणारी उष्णता) ग्रॅमला 80 कॅलरी, म्हणजे 100 ग्रॅमला 8000 कॅलरी. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी 0 वरून 80 अंशांवर जाईल. म्हणून वेळ आणि तापमानाच्या आलेखाचा सपाट भाग, म्हणजे तापमान 0 वर थांबतं तो, चांगला लांब यायला हवा. पावसाळ्यात तो आखूड येतो, कारण आपल्या दमट हवेतली वाफ भांड्यावर बाहेरून दवासारखी साचते. असं एक ग्रॅम पाणी साचताना जवळपास 600 कॅलरी सोडतं, म्हणजे आतला सात ग्रॅम बर्फ वितळवण्याइतकी! भांड्यावर झाकण ठेवा.

आता 98. महाबळेश्वरला पाणी 95-96 ला उकळतं, पण ठाणे समुद्रसपाटीलगत आहे, तेव्हा उंचीचं कारण इथे लागू नाही. बहुधा थर्मामीटर पुरेसा बुडालेला नाही किंवा त्यातच दोष आहे. ठेचलेल्या बर्फात तो नेमका 0 दाखवतो का, ते आधी तपासा. पाच मिनिटं स्थिर 98 आलं तर वहीत 98 च लिहा, उगाच 100 करू नका. हे 100 ग्रॅम पाणी पूर्ण आटवायला 54,000 कॅलरी लागतील, त्यामुळे तिथपर्यंत थांबू नका. आणि ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी अजिबात वापरू नका, तो 42 अंशांपर्यंतचाच असतो, फुटेल.